क्रमांक एकचं उत्तर

विभा,

मागच्या महिन्यात तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. मला गाडी पाठवून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. नऊ जण बोलले. नऊही जणांनी सांगितलं की तू कधी कोणाला दुखावलं नाहीस, कधी आवाज चढवला नाहीस आणि तुझ्या चेहऱ्यावर कायम हसू असायचं. मी मनात म्हटलं, ही कोण बाई गेली? माझ्या घरात वरच्या खोलीत अकरा वर्षं राहिली ती तर नव्हे.

सगळ्यांचं उत्तर सारखं आलं की माणसांचं कौतुक करायचं नाही, आधी प्रश्न तपासायचा, हे तूच मला शिकवलंस. तिथे दुसरं उत्तर देण्याची सोयच नव्हती. हार घातलेला फोटो, शेजारी उदबत्ती, समोर कराडहून आलेला तुझा भाऊ. अशा ठिकाणी उभं राहून कोण म्हणेल की बाई तिरसट होती?

मलाही बोला म्हणाले. मी मान हलवली. मग तुझ्या हाताखाली शिकून आता तुझ्याच टेबलावर बसते ती दीपा जवळ आली. म्हणाली, "काकी, बोलत नाही तर लिहून द्या. मॅडमवर अंक काढतोय."

"मी चौथी शिकलेली आहे."

"म्हणून तर. बाकीचे सगळे पीएचडी आहेत. एकसारखं लिहितात."

ही तुझीच विद्यार्थिनी, हे तेवढ्यावरूनच कळलं. म्हटलं लिहीन, पण आहे ते लिहीन.

तर, तू तिरसट होतीस. चहा गार झाला की पीत नव्हतीस, आणि गार तूच करायचीस. वाचत बसलीस की घरात आग लागली तरी कळलं नसतं. पाण्याच्या टाकीचा नळ तुझ्या खोलीबाहेर. टाकी भरून वाहायला लागली की मी खालून ओरडायची, "विभा, नळ!" मग तू एका हातात कागद धरून बाहेर यायचीस, नळ बंद करायचीस आणि कागदातून मान वर न काढता आत जायचीस. अकरा वर्षं हे रोज. एकदाही माझ्या हाकेआधी उठली नाहीस.

पहिल्या दिवशीचं तुला आठवत असेल. मी वाडीत मोगऱ्याला पाणी लावत होते आणि पंप मधेच बंद पडला होता. मी त्याला शिव्या घालत होते. तू फाटकाशी येऊन उभी राहिलीस. खोलीचं विचारायला आली होतीस, पण ते राहिलं बाजूला.

"कोणाशी भांडताय?"

"पंपाशी."

"तो काय म्हणतो?"

मी वळून बघितलं. चष्मा, खांद्याला पिशवी, तोंडावर जराही हसू नाही. खरंच विचारत होतीस. त्या एका प्रश्नावर मी तुला खोली दिली. मुलगा नंतर म्हणाला, "आई, चौकशी तरी करायची." केली होती की. तूच केलीस.

तू मानसशास्त्र शिकवतेस म्हटल्यावर आळीत पसरलं की वेड्यांची डॉक्टरीण आलीय. पलीकडची भानुआक्का दुसऱ्याच दिवशी हजर. ती मिठागराकडची, खाडीकाठावरून आमच्या आळीत नांदायला आलेली. बोलणं अजून तिकडचंच. "बाय, माज्या जावयाला जरा बगशील काय? कोनाशी बोलत नाय तो."

तू म्हणालीस, "तुमच्याशी बोलत नाही की कोणाशीच नाही?"

भानुआक्का विचारात पडली. घरी गेली. पुन्हा जावयाचं नाव काढलं नाही.

मग दोन-तीन वर्षांनी तू ते काम हातात घेतलंस, म्हाताऱ्या बायकांच्या एकटेपणाचं. इकडे वसईत वाड्या आहेत, तिकडे बोळिंजला नव्या इमारती उठल्यात, मुलं तिकडे फ्लॅटमध्ये गेली, म्हाताऱ्या इकडे जुन्या घरात राहिल्या. त्यांना कसं वाटतं हे तुला मोजायचं होतं. मी म्हटलं, वाटतं ते मोजतात का? तू म्हणालीस, मोजता येतं की नाही तेच बघायचंय.

प्रश्नांचा कागद तू आधी माझ्यावर चालवून बघितलास. "काकी, उत्तरं महत्त्वाची नाहीत. प्रश्न कळतात का, तेवढं सांगा."

एकही कळत नव्हता. "आपणास सामाजिक आधार उपलब्ध आहे काय?"

"हे काय असतं?"

"म्हणजे अडीअडचणीला कोणी धावून येतं का?"

"मग तसं लिही ना. बाईला विचारतेस की कलेक्टरला?"

पालेभाजी निवडावी तशी आपण दोघींनी ओट्यावर बसून ती यादी निवडली. दांडे टाकले, पानं ठेवली. मग तू म्हणालीस की आता खरंखुरं भरू. माझं नाव लिहिलं नाहीस. "नाव कुठेच येणार नाही. तुम्ही क्रमांक एक." मला बरं वाटलं. शाळेत माझा कधी पहिला नंबर आला नव्हता.

पाचवा प्रश्न आला. तुम्हाला एकटं वाटतं का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

"कधीच नाही," मी म्हटलं. चटकन म्हटलं.

तू एक क्षण माझ्याकडे बघितलंस, खूण केलीस आणि सहाव्याकडे वळलीस.

मग आळीत जायची वेळ आली आणि गाडी अडली. तुझ्या कागदाला सही लागत होती. बाईने वाचून, समजून, आपल्या मर्जीने उत्तरं दिली, नको तर कधीही थांबू शकते, अशी सही. तू म्हणायचीस, ही सही त्यांच्या भल्यासाठी आहे. पण आमच्याकडे बायकांना सहीचा एकच अर्थ माहीत. कोणीतरी पिशवी घेऊन येतो, गोड बोलतो, कागद पुढे करतो, आणि दोन वर्षांनी वाडीत इमारतीचे खांब उभे राहतात. भानुआक्काच्या दिराची जागा अशीच गेली. तू पिशवी घेऊन गेलीस आणि गोडही बोललीस. मग काय होणार?

"मना सई नाय करायची," भानुआक्का म्हणाली. "तू चांगली हायस बाय, पन सई नाय."

चर्चच्या बाजूची कतरीन बाय तर म्हणाली, "आधी सही, मग इतके प्रश्न! फादरपुढे पाप सांगताना पण एवढं विचारत नाय गो."

तू चार दिवस रिकाम्या हाताने परत आलीस. पाचव्या दिवशी जेवली नाहीस. तेव्हा मी ठरवलं की या कामात आपण पडायचं. तुला सांगितलं, "मी एक फेरी मारून येते. माझ्या शब्दावर सही करतील." तू किती खूश झालीस! माझ्या गळ्यातच पडायची बाकी राहिलीस.

मी फेरी मारली. घरोघर गेले. सही करा, जागेचा कागद नाही, मी ओळखते, असं सांगितलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. थांबले नाही. आमच्याकडे कोणी पाहुणा यायचा असेल तर आधी जाऊन घर आवरायला सांगतात, तसं मी प्रत्येकीला सांगितलं, "बाई कॉलेजातली आहे. परगावची आहे. आपल्या आळीचं नाव खाली जाईल असं काही बोलू नका. एकटं वाटतं म्हटलंत तर तुमच्या सुनेची बदनामी. विचारलं तर सांगा, सगळं छान आहे."

मला वाटलं, मी तुझं काम करतेय. मुलगी बघायला येतात तेव्हा शेजारीण शिकवते ना, असं बस, तसं बोल. तसंच.

मग तू गेलीस आणि सगळ्यांनी सह्या केल्या. पोहे केले. सुना बाजूला उभ्या. प्रत्येकीने सांगितलं, कधीच नाही. सगळं छान आहे. भानुआक्का मला नंतर म्हणाली, "बरोबर बोलले ना मी?" मी म्हटलं, एकदम बरोबर.

तू ते सगळं लिहून काढलंस. शहरातल्या बायका एकट्या, पण वाडीतल्या बायका नाहीत, कारण इथे आळी आहे, शेजार आहे, असं काहीतरी. मला वाचून दाखवलंस. तुझे डोळे चमकत होते. मला अभिमान वाटला. आळीचं नाव तू पार इंग्रजीत नेलंस.

ते तू कुठल्या तरी मासिकाला पाठवलंस. मासिक म्हणजे विद्वानांचं. तिथे छापायच्या आधी दोन परीक्षक वाचतात, हे तेव्हा मला कळलं. ते कोण, तुला माहीत नाही. तू कोण, त्यांना माहीत नाही.

"म्हणजे दोघांनी डोळ्यांवर पदर बांधून भांडायचं?"

"भांडायचं नाही काकी. तपासायचं."

सहा-सात महिन्यांनी उत्तर आलं. पहिला परीक्षक गोड होता. दुसरा कडू. त्या दिवशी टाकी वाहून वाहून माझा अर्धा मोगरा चिखलात गेला, मी गळा फाडून ओरडले तरी तू बाहेर आली नाहीस. मीच जिना चढले. तू पलंगावर बसली होतीस, मांडीवर कागद.

"काय म्हणतो?"

"दुसरा म्हणतो, उत्तरं फारच सारखी आहेत. बायकांना कोणी विचारलं, कुठे विचारलं, तेव्हा खोलीत कोण होतं, आणि त्यांच्याशी ओळख कोणी करून दिली, हे सगळं सांगा म्हणतो."

"कोण हा मेला?"

"माहीत नाही."

"नाव न सांगता चुका काढतो तो भेकड. चूक काढायची तर तोंड दाखव."

तू चिडली होतीस, तरी त्याची बाजू घेतलीस. तीच गंमत होती तुझी. "तोंड दाखवायचं ठरवलं तर किती जण चूक काढतील? भानुआक्काची भाजी खारट झाली तर तुम्ही तोंडावर सांगाल?"

"सांगेन."

"तुम्ही सांगाल हो. बाकीची आळी?"

यावर मी विषय सोडला आणि खाली मोगरा बघायला गेले. हरले म्हणून नव्हे. माझी फेरी आठवली म्हणून.

पंधरा दिवस तू त्या दोन नंबरवाल्याला उत्तर लिहीत होतीस. मग एका दुपारी खाली आलीस. मी ओट्यावर गजरे ओवत होते. तू म्हणालीस, ऐका, कसं झालंय बघा, आणि इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागलीस. तू माझ्या बायकांसाठी भांडत होतीस. या बायका साध्या आहेत, सरळ आहेत, त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे त्यांचा अपमान आहे, असं. आणि मग वाचलंस, "उत्तरं देताना त्यांच्यावर कोणाचाही प्रभाव नव्हता."

माझी सुई थांबली.

सांगते विभा, त्या वेळी मला गप्प बसता आलं असतं. तो दोन नंबरवाला कधी आमच्या आळीत येणार नव्हता. भानुआक्का बोलणार नव्हती. तुझं छापून आलं असतं, तुला बढती मिळाली असती. फक्त मला माहीत राहिलं असतं. आणि मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी अशा गिळल्यात.

पण तू माझ्यासमोर बसून, माझ्या भरवशावर, एका अनोळखी माणसाला वचन देत होतीस. ते बघवेना.

"होता," मी म्हटलं.

"काय होता?"

"प्रभाव. माझा होता."

आणि सगळं सांगितलं. तू कागदाची घडी घातलीस आणि वर गेलीस. दोन दिवस खाली आली नाहीस. मी जिन्यात ताट ठेवायची, तू रिकामं ताट ठेवायचीस. मला वाटलं, आता ही खोली सोडणार.

तिसऱ्या दिवशी वही घेऊन खाली उतरलीस. समोर बसलीस. "काय सांगितलंत बायकांना? शब्द न् शब्द सांगा. कोणाकडे आधी गेलात, कोणाकडे नंतर?" मी सांगत गेले, तू लिहीत गेलीस. तोंडावर राग नाही, काही नाही. मला तुझ्या शिव्या चालल्या असत्या. पंपाला मी देते तशा. तू फक्त लिहीत होतीस. सगळं झाल्यावर म्हणालीस, "सुनांचं नाव मधे आणलंत हे महत्त्वाचं आहे. ते माझ्या लक्षातच आलं नसतं."

मग तू त्या मासिकाला कळवलंस की माझ्या कामात चूक झाली आहे, मी लेख मागे घेते. तुझ्या विभागाचे मोठे साहेब म्हणाले म्हणे, इतकं खरं बोलायची गरज नव्हती, एक ओळ घालून भागलं असतं. तुझी बढती त्या वर्षी राहिली, पुढच्या वर्षीही राहिली. शोकसभेत हेच साहेब तुझ्या प्रामाणिकपणावर सगळ्यात जास्त वेळ बोलले. मी पहिल्या रांगेत होते. त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. फक्त एकदा, जेवताना, मी मीठ वाढत होते तेव्हा म्हणालीस, "काकी, एक वर्ष गेलं माझं." एवढंच. मी "हो" म्हटलं. माफी मागितली नाही. मला मागता येत नाही. आत्ताही येत नाही. पण ते "हो" माफीचं होतं. तू ओळखलंस की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्यांदा सुरुवात केलीस तेव्हा मला वाटलं होतं, मला जवळ फिरकू देणार नाहीस. उलट म्हणालीस, "काकी, बायका खरं कशा बोलतील?"

मी म्हटलं, "एकटं वाटतं का, असं विचारूच नकोस. ती शिवी वाटते. म्हणजे तुझं कोणी नाही का, असं ऐकू येतं. त्यापेक्षा काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलंस आणि कोणाशी बोललीस, ते विचार. हातात काम असताना विचार. बाईच्या हाताला काम असलं की तोंड खरं बोलतं."

तू हसलीस. "अशी पद्धत पुस्तकात आहे. कालचा दिवस एकेका तासाने आठवायला लावतात."

"आहे? मग मला कशाला विचारलंस?"

"गजरा पुस्तकात नव्हता."

मग आपण कामाला लागलो. तू बाईसोबत मोगरा ओवायला बसायचीस आणि बोलत राहायचीस. गजरा तुला शेवटपर्यंत जमला नाही. तुझे गजरे बघूनच बायका मोकळ्या व्हायच्या. माझं काम वेगळं होतं. मी आत यायचं नाही, हा तुझा नियम. माझं काम सुनेला घराबाहेर काढणं. "अगं, माझ्या वाडीत अळू फार झालंय, घेऊन जा." "पंप अडलाय, जरा हात लाव." आळीतल्या सगळ्या सुना त्या पावसाळ्यात अळू खाऊन कंटाळल्या. भानुआक्काची सून वालीवला कारखान्याच्या गाळ्यात कामाला जाते, तिच्याकडे मात्र तुला दिवसाढवळ्या निवांत जाता आलं. तिथून तू दोन तासांनी बाहेर आलीस. काय बोलली भानुआक्का, मी विचारलं. तू म्हणालीस, "ते मला सांगता येत नाही." "अगं, मी तिची चाळीस वर्षांची शेजारीण." "म्हणूनच."

मला राग आला. पण तेव्हापासून भानुआक्का दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागली. कशाला आलीस, मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

नंतर मनवेलपाड्याच्या चाळीतही गेलो आपण. तिथल्या बायका कोकणातल्या, देशावरच्या. त्यांना सहीची भीती नव्हती, पण वेळ नव्हता.

या दुसऱ्या खेपेतलं आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. बायका काय काय सांगायच्या! एक देव्हाऱ्याशी बोलते. एक नवऱ्याच्या फोटोला रोज भाजी कोणती करू विचारते. एक मांजराशी. तू म्हणालीस, ही बोलणी मोजायची नाहीत. बोलणं म्हणजे समोरचा उत्तर देतो ते.

"पंप देतो," मी म्हटलं.

"काय उत्तर देतो?"

"चालू होतो. नाहीतर होत नाही. माझ्या मुलापेक्षा जास्त बोलतो."

तू पेन्सिल खाली ठेवलीस. आपण तासभर भांडलो. तुझं म्हणणं, असं सगळंच धरलं तर जगात कोणी एकटं उरणारच नाही. माझं म्हणणं, ती बाई फोटोशी बोलते ते तू सोडून दिलंस तर तिचा अर्धा दिवस तू सोडून दिलास. शेवटी तू एक जास्तीचा रकाना काढलास. "इतर." त्यात टाकलंस सगळं. मी म्हटलं, हे भांडण मिटवणं नाही, हे भांडण डब्यात घालून झाकण लावणं. तू म्हणालीस, पुढच्या कामात उघडू.

ते काम छापून आलं. या वेळीही परीक्षकांनी चुका काढल्या, तू दुरुस्त केल्यास. शेवटी आभार होते, ते मला वाचून दाखवलेस. पहिल्या प्रयत्नातली चूक दाखवून देणाऱ्या एका रहिवासी स्त्रीचे आभार.

"माझं नाव कुठंय?"

"तुमचं नाव दिलं तर आळी कळेल. आळी कळली तर बायका कळतील."

"म्हणजे मी पण बिननावाची?"

"हो," तू म्हणालीस. आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोट धरून हसलीस. "दोन नंबरवाल्यासारख्या."

त्या भेकडाबद्दल माझं मत आता थोडं बदललंय. पूर्ण नाही. त्याने विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं, हे खरं आहे. त्याला कळणारही नाही की त्याच्या एका प्रश्नाने वसईतल्या एका म्हातारीची सुई थांबली. पण तोंड दाखवायला हवं होतं, हे मी अजून म्हणते. मी एक गजरा तरी दिला असता.

मग तुझं पोट दुखायला लागलं. तू म्हणालीस पित्त. मीही पित्तच म्हटलं. दुसऱ्याला इतकं खोदून विचारणाऱ्या तुला स्वतःच्या दुखण्याला एक प्रश्न विचारता आला नाही. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावलेली आहे. हे शोकसभेत कोणी बोललं नाही. तीन महिन्यांत सगळं आटोपलं. मधेच भाऊ तुला कराडला न्यायला आला होता. गाडीत बसताना तू काच खाली केलीस.

"काकी, तुम्हाला एक विचारायचं राहिलंय."

"मग विचार की."

"आल्यावर विचारते. घाईत विचारायचं नाहीये."

मला वाटलं, खोलीच्या किल्ल्यांचं असेल, नाहीतर टाकीचं.

गेल्या आठवड्यात दीपा आली, तुझं कुलपाचं कपाट न्यायला. बायकांचे कागद फाडून नष्ट करायचे, असं तू त्यांना लिहून दिलं होतंस म्हणे. दीपाने मला बाहेर बसायला सांगितलं. मी बसले. नियम मला माहीत होता. थोड्या वेळाने ती दारात आली, हातात एकच कागद.

"काकी, क्रमांक एक तुम्ही ना?"

"हो."

"मग हा तुमचाच आहे. तुमचा तुम्हाला दाखवायला हरकत नाही."

पहिल्या खेपेचा तो कागद. पाचवा प्रश्न. 'कधीच नाही'वर तुझी शाईची खूण. आणि तिच्या बाजूला पेन्सिलीने लहानसं प्रश्नचिन्ह. खाली बारीक अक्षरात, "रोज सकाळी पंपाशी बोलतात." आणि त्याच्याखाली, "पुन्हा विचारणे."

म्हणजे पहिल्याच दिवशी तुला कळलं होतं. मी आळी बिघडवली ती नंतर. पहिलं खोटं उत्तर माझंच, आणि ते तुझ्या डोळ्यांदेखत. तरी तू मला फेरी मारू दिलीस. तुझा माझ्यावर विश्वास होता की तू माझ्यासारखीच मूर्ख होतीस, हे आता कसं कळायचं? दुसऱ्या खेपेला मी विचारलंही होतं, माझा कागद भरायचा नाही का? तू म्हणाली होतीस, "तुम्ही आता माझ्या बाजूच्या. तुमचं उत्तर धरता येत नाही." मी समजले, बरं झालं, सुटले.

दीपा म्हणाली, "काकी, हा पण फाडायचाय."

मी म्हटलं, "फाड."

भरलेलं उत्तर खोडायचं नाही, बदलायचं तर नवीन कागद घ्यायचा, हा तुझा नियम. म्हणून तो तसाच फाडू दिला. हा नवीन कागद. अंकात छापणार आहेत, म्हणजे क्रमांक लपत नाही, पण माझी हरकत नाही. बाकीच्या बायकांची नावं मात्र मी बदलून लिहिलीत. सहीचा कागद दीपाला वेगळा देते.

कालचा दिवस. सकाळी उठले, पंपाकडे गेले. त्याला मेल्या म्हटलं. तिसऱ्या खेपेला चालू झाला. मग भानुआक्काची सून फाटकावरून जाताना म्हणाली, "येते हो काकी." मी "ये" म्हटलं. मुलाचा फोन आला, "जेवलीस का?" "जेवले." जेवले नव्हते. हे खोटं आहे, खोटं म्हणूनच लिहून घे. दुपारी भानुआक्का ओट्यावर येऊन बसली, तासभर. दोघींनी मिळून चार वाक्यं बोललो असू. ती चारही कढीपत्त्याबद्दल.

संध्याकाळी टाकी भरून वाहायला लागली. मी खालून ओरडले, "विभा, नळ!" मग जिना चढून मीच बंद केला.

ही हाक कोणत्या रकान्यात टाकायची, ते भांडण राहिलंय. तुझ्या नियमाने धरायची नाही. माझ्या नियमाने धरायची. झाकण मी उघडून ठेवलंय.

प्रश्न पाचवा. तुझ्या तीन उत्तरांत माझं बसत नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की प्रश्न चुकलाय. नेहमी नाही. कधीकधी असंही नाही. टाकी भरते तेव्हा.

टाकी रोज भरते.